नवरदेवाच्या अंगरख्याची सुलटी बाजू

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत अमरावतीच्या माणसांना अंगावर काय घालावं हेच कळेनासं झालं होतं. दर्यापार कुठेतरी गोरे आपसात लढत होते, तिकडचा कापूस तिकडेच अडला होता, आणि त्यापायी वलगावच्या वाटेवर बैलांच्या पाठीला मखमल आली होती. एक कास्तकार आमच्या दुकानात आला आणि बैलजोडीसाठी झुली शिवायला टाकून म्हणाला, "आतून मलमल लावा. बैलाले टोचलं नाई पाह्यजे." तो स्वतः कमरेवर उघडाबंब होता. दुसऱ्यानं छत्रीला अस्तर लावून मागितलं. आम्ही लावलं. उघडताना ती छत्री अशी काही फुगायची, की खाली उभ्या माणसाला आपण तंबूत आहोत असं वाटावं.

दुकान परकोटाच्या आत, वेशीपासून चार पावलांवर. मालक माझे उस्ताद. गिऱ्हाइकं त्यांना खलिफा म्हणत. दाढी मेंदीची, पोट गोल, बोटं मात्र एखाद्या बाईसारखी बारीक. राग आला की हिंदी बोलत, प्रेम आलं की वऱ्हाडी, आणि गिऱ्हाईक समोर असलं की दोन्ही एकदम. मी त्यांच्याकडे सात वर्षं होतो. वय तेवीस, लग्न झालेलं, मिशी बऱ्यापैकी, आणि सात वर्षांत कात्रीला हात लावलेला नाही.

हे नीट सांगायला हवं, कारण माझा सगळा जीव त्यात अडकला होता. आमच्या धंद्यात जो बेततो तो शिंपी. जो नुसतं शिवतो तो हात. मी हात होतो. माझ्याकडे फक्त शेवटचं काम यायचं: कडा दुमडणं, तुरपणं, गोट लावणं, बंद लावणं. उस्तादांचा नेम असा, की अंगरखा आतून पाहिला तरी एकही सूत मोकळं दिसता कामा नये. कापडाची कच्ची कड आत घालायची, पुन्हा दुमडायची आणि दोन्ही अंगांनी अशी तुरपायची की शिवण कुठून सुरू झाली ते शिवणाऱ्यालाही आठवू नये. दोरासुद्धा बाजारचा नाही; त्याच कापडाच्या कडेचं सूत ओढून काढायचं, मेणावरून फिरवायचं आणि तेच वापरायचं. वैशाखात हाताला घाम येतो म्हणून तुरटीच्या पाण्यात बोटं बुडवून बसायचं. आणि काम झालं की उस्ताद शिवण उचलून खालच्या ओठावरून सावकाश फिरवायचे. ओठाला शिवण लागली, तर सगळं उसवायचं. मी एकदा एक बाही सहा वेळा उसवली आहे. सहाव्या वेळी उस्ताद म्हणाले, "आता ठीक आहे. पण कापड आता म्हातारं झालं."

मला हे काम आवडायचं. कुणाला सांगत नसे, पण आवडायचं.

तिकडे अकोल्याला माझे वडील. तेही शिंपीच, पण बाजार चढला तशी त्यांनी सुई ठेवली आणि दाभण उचललं. कापसाच्या गाठींना तरट शिवायला माणसं मिळत नव्हती. ज्याला म्हणून दोरा ओवता येत होता तो तिकडे धावत होता. आमच्या दुकानातले तीन कारागीर असेच गेले. वडिलांनी एका गाडीवानाबरोबर निरोप पाठवला, आणि गाडीवानानं तो भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, वडिलांच्याच आवाजात सादर केला: "आखाजीलोक वाट पाह्यतो. तवालोक उस्तादानं कैंची देल्ली तं ठीक. नाई तं इकडं ये आन् दाभण धर. सात वर्सं कडा दुमडून राहिला, आता बस झालं."

म्हणजे मला अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत होती. उस्तादांनी हे ऐकलं आणि आपली सुई दोरा ओवायला माझ्यापुढे केली. दुसऱ्या दिवशी वलगावकडचे एक कास्तकार आले.

हे गृहस्थ नव्यानं श्रीमंत झाले होते आणि ते लपवण्याचा त्यांचा अजिबात विचार नव्हता. पोराचं लग्न ठरलं होतं, मुलगी बार्शीटाकळीची. अंगरखा हवा होता.

"खलिफा, असा अंगरखा पाह्यजे का मांडवात समद्यायच्या माना माह्या पोराकडं वळल्या पाह्यजे. मलमल पांढरीच घ्या, घरचे म्हणतात पांढरी. पण टाके ठसठशीत मारा! लांबून मोजता आले पाह्यजे."

उस्तादांनी छातीवर हात ठेवला. "दादा, टाका दिसला तं तो टाका नाही, डाग आहे."

"मंग दिसनच नाई तं शिवलं कशाले? लोक म्हणतीन, चिकटोवलं!"

"चिकटोवलं म्हणाले लोक, तर मी समजीन जन्माचं सार्थक झालं."

"तुमचं होईन हो सार्थक. माह्या पोराचं काय?"

तासभर असं चाललं. शेवटी लाल गोटावर तडजोड झाली: टाके दिसणार नाहीत, पण कडेचा गोट दिसेल. कास्तकार उठताना म्हणाले, "आन् दोघंबी वऱ्हाडासंगं चला. शिंपी संगं आणला हे तरी दिसू द्या लोकायले."

ते गेल्यावर उस्तादांनी मलमल बेतली आणि सगळे तुकडे माझ्या मांडीवर ठेवले. "हा पूर्ण तुझा. मी सुई लावणार नाही. हा पास झाला तं कैंची तुले. नाही झाला तं तुझा बाप म्हणते ते खरं."

मी तो अंगरखा कसा शिवला ते वर्णन करत नाही, कारण ते सांगताना मी अजून रडतो आणि ऐकणारे उठून जातात. एवढंच सांगतो की मलमल इतकी तलम होती की तिला उलटी-सुलटी बाजूच नव्हती, आणि मी कडा अशा दाबल्या की शिवून झाल्यावरही नव्हती.

राहिला बंदांचा प्रश्न. बंद नेमका कुठे यावा हे अंगावर घालूनच ठरवावं लागतं. पण नवरदेवाला हळद लागली होती, आणि हळद लागलेल्या पोरानं वऱ्हाड निघेपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही. मी वलगावला जावं, तर पांढरी मलमल हळदीच्या घरात कोण नेणार? उस्तादांनी आरशात पाहून स्वतःचं पोट थोपटलं. "नवरदेवाचा घेर न् माझा घेर एकच आहे. पोरानं यंदा तूप लई खाल्लं."

त्यांनी अंगरखा चढवला, डोळे मिटले, आणि चाळीस वर्षं रोज सकाळी करत आले तसा पुढचा पल्ला ओढून बगलेशी नेला. "इथं," ते म्हणाले. मी तिथं खूण केली आणि पुढचे दोन दिवस मान वर न करता बंद लावले.

आता आमच्या बाजारातली रीत ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हिंदूच्या अंगरख्याचा बंद उजव्या बगलेकडे, मुसलमानाच्या डाव्या. हे कुणी कुणाला शिकवत नाही. लांबून माणूस येताना दिसला की बंद पाहायचा आणि राम राम म्हणायचं की सलाम ते ठरवायचं. माझ्या उस्तादांनी पल्ला ओढला तो अर्थातच त्यांच्या बाजूला. मला ते दिसलं नाही, कारण मी टाका पाहत होतो. सात वर्षांत मी टाक्याच्या पलीकडे काही पाहिलंच नव्हतं. घरी बायकोनं नवी नथ घातली तर मला ती तिसऱ्या आठवड्यात कळली.

अंगरख्याच्या सगळ्या शिवणी उस्तादांनी ओठावरून फिरवल्या. कुठेच ओठ अडला नाही. "पास," ते म्हणाले. "पण कैंची लग्न झाल्यावर. मांडवातून परत आलं तेव्हा कपडा पास होते."

आगगाडी तेव्हा बडनेऱ्याला नवीनच आली होती. वऱ्हाड तिच्यातून अकोल्याला निघालं. नवरदेवाच्या मामीनं इंजिनाला कुंकू लावायचा प्रयत्न केला आणि बोट भाजून घेतलं. उस्ताद मलमलीला घडी पडू नये म्हणून अंगरखा दोन्ही हातांवर आडवा घेऊन, वर फडकं टाकून बसले होते. समोरच्या बाईनं दोनदा त्यांना हळूच विचारलं, "बाळाले ताप आहे का?" दुसऱ्यांदा उस्ताद म्हणाले, "नाही माय, झोपलं आहे." मग ती अकोल्यापर्यंत कुणाला मोठ्यानं बोलू देईना.

अकोल्याहून दमण्यांनी, म्हणजे हलक्या बैलगाड्यांनी, बार्शीटाकळी. जानोशात, म्हणजे वरपक्षाला उतरायला दिलेल्या घरात, नवरदेवाला अंगरखा चढवायची वेळ झाली. वधूकडची चार-पाच मंडळी त्याला न्यायला येऊन बसली होती, गुळपाणी चाललं होतं. मी दाराशी उभा, छाती पुढे. नवरदेवानं हात घातले. मामानं पल्ला धरून उजव्या बगलेकडे नेला. तिथं बंद नाही. मामानं चाचपलं. नवरदेवानं चाचपलं. मग पल्ला सोडून दिला तेव्हा तो आपोआप डावीकडे गेला, आणि तिथं माझे बंद, सरळ, सुंदर, एकमेकांची वाट पाहत.

वधूचा एक चुलत भाऊ होता. प्रत्येक लग्नात असा एक असतोच. तो गुळाचा खडा तोंडात फिरवत म्हणाला, "काहो पाव्हणे, जावई कोण्या बाजूचे म्हणाचे? मांडवात भटजी बसवू का काजी बोलावू?"

हशा पिकला. उस्ताद माझ्या कानाशी पुटपुटले, "या अल्ला. ये तो मेरी बाजू है."

माझ्या डोळ्यांसमोर दाभण उभं राहिलं. हे अलंकारानं म्हणत नाही. खरंच दिसलं, गंजासकट. कास्तकारांचा चेहरा तांबडा होत होता आणि तो अजून पुरता तांबडा व्हायचा होता. तेवढ्या वेळात मी पुढे झालो आणि मोठ्यानं हसलो. का हसलो ते मला हसताना माहीत नव्हतं. पुढचं वाक्य मात्र तोंडात तयार होतं.

"पाव्हणे, अंगरखा अजून सुलटा कुठं केला? तो तं उलटा आहे!"

"उलटा?"

"आमची अमरावतीची रीत आहे. वाटेनं लोकायची नजर लागते, ती उलट्या बाजूवर जाते. मांडव आला का शिंप्यानं आपल्या हातानं सुलटा करायचा. माहीत नाही तुमाले?"

चुलत भाऊ म्हणाला, "मी तं नाई ऐकली अशी रीत."

आणि इथे कास्तकारांनी मला जन्माचं ऋणी केलं. ते उठून उभे राहिले. "ऐकली नसन! बार्शीटाकळीले काय माहीत राह्यते! आमच्यात असंच असते. माह्या आज्यापासून!"

त्यांच्या आज्यानं उभ्या हयातीत अंगरखा घातला नव्हता. पण आता मागे फिरायची सोय नव्हती, त्यांना आणि मलाही.

मी अंगरखा काढून उलटा केला. कुणीही घरी बंडी उलटी करून पाहावी: डावा पल्ला उजवा होतो, उजवा डावा. बगलेवरचे बंद तेवढे आत गेले होते. दातांनी टाके तोडले, सुई पागोट्यात होतीच, आणि सगळ्यांच्या देखत ते उसवून बाहेरच्या अंगाला लावले. मधे मधे मी काहीतरी मंत्र पुटपुटल्यासारखं केलं. खरं म्हणजे मी टाके मोजत होतो. नवरदेवाला पुन्हा घातला. बंद उजव्या बगलेशी आले.

"पाहू, पाहू," म्हणत एक बाई पुढे आली. वधूची आत्या, सगळं घर तिच्या धाकात असावं, कारण पुरुष आपोआप बाजूला झाले. तिनं नवरदेवाचा हात वर केला, बगलेतली कळी चिमटीत धरली. ज्या जागी चार तुकडे येऊन मिळतात आणि जिथे भले भले कारागीर गाठोडं करून ठेवतात, नेमकी तीच जागा. मग पल्ला उलटून आतून पाहिलं. मग पुन्हा बाहेरून. मग तिनं चुलत भावाला बोलावलं.

"तुले लई समजते ना? यातली उलटी बाजू कोंती ते सांग."

त्यानं पाहिलं. त्याच्यानंतर दुसऱ्यानं पाहिलं. नवरदेव दोन्ही हात वर करून बुजगावण्यासारखा उभा, आणि आख्खा जानोसा त्याच्या अंगरख्याची वाईट बाजू शोधतोय. मुहूर्त जवळ आला म्हणून भटजी ओरडत आले आणि तेही शोधायला लागले.

"हे तं दोन्हीकून सुलटंच आहे," आत्या म्हणाली.

तेव्हा कास्तकारांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ज्या माणसाला लांबून मोजता येतील असे टाके हवे होते, तो माणूस पोराच्या अंगाला बोट लावून प्रत्येकाला विचारत सुटला, "दिसते का टाका? सांगा ना! एक तरी दिसते का? चिकटोवल्यावानी आहे का नाई?"

लग्न लागलं. माना वळल्या. पुढच्या वर्षभरात वलगावच्या बाजूच्या सात-आठ नवरदेवांनी अंगरखे उलटे घालून मांडव गाठला आणि शिंप्याकडून सुलटे करून घेतले. त्यातले बरेच अंगरखे आतून भयंकर होते, आणि ते उलट्या बाजूनं सगळ्या वाटेनं मिरवले गेले. ती जबाबदारी माझी आहे हे मी मान्य करतो.

पंगतीनंतर आत्यानं मला ओसरीच्या कोपऱ्यात गाठलं. "नजर-बिजर काई नाई. बंद चुकला होता तुमचा."

मी पागोट्यातली सुई चाचपली.

"पण शिवण खरी आहे," ती म्हणाली आणि निघून गेली. मागे वळून पाहिलं तर उस्ताद उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

अकोल्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. हिंदीतही नाही आणि वऱ्हाडीतही नाही. दमणी खड्ड्यातून जात होती आणि मी मनातल्या मनात कात्रीचा निरोप घेत होतो. अकोल्यात वऱ्हाड स्टेशनाकडे वळलं; उस्ताद मला म्हणाले, "तुझ्या बापाकडं चाल."

वडील कापसाच्या बाजारात एका गाठीवर पाय रोवून तरट ओढत होते. आम्हाला पाहून उतरले. उस्तादांना बसायला त्यांनी दुसरी गाठ झटकून दिली आणि चिमूटभर तंबाखू पुढे केली. मग सरळ मुद्द्यावर आले.

"खलिफा, आखाजी परवा आहे. कैंची देता का नाई?"

उस्ताद माझ्याकडे वळले. "पहले ये बता, बंद किसने चुकाया?"

मी म्हणालो, "मी, उस्ताद."

"मांडवात खोटं बोलला ते ठीक. बापासमोर नको." तंबाखू त्यांच्या तळव्यावर तशीच राहिली. "मी चुकवला. मले दिसलंच नाही. साल होऊन गेलं, मी बोटानं पाहून राहिलो. टाका बोटाले समजते, ओठाले समजते. डावं-उजवं नाही समजत."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. वर्षभर मी त्यांच्या सुईत दोरा ओवून देत होतो आणि तो उस्तादांचा मान समजत होतो. त्यांनी मलमल बेतली त्या दिवशी खिडकीशी सरकून, नाक कापडाला लागेपर्यंत वाकून बेतली होती, आणि मी म्हटलं होतं, वा, काय बारकावा.

"तर कैंची याले देतो," उस्ताद वडिलांना म्हणाले. "हा लायक झाला म्हणून नाही. अजून याची बाही खांद्याले फुगते. पण माझ्यापाशी ठेवली तं उद्या कोणाच्या पोराची मलमल जाईन."

वडिलांनी तंबाखूची चंची गुंडाळून ठेवली. बाजूनं हमाल गाठी लोटत होते, कापसाचा भुगा उडत होता, आणि तिघांपैकी कोणीही शिंकलं नाही.

"म्हंजे पोट्टा इकडं येत नाई," वडील म्हणाले.

"नाही."

"दाभण धराच्या कामाचा तं नाईच राह्यला तो तसाबी." त्यांनी आपलं दाभण गाठीत खुपसलं. मग, इकडे तिकडे पाहत, त्यांनी अंगातली बंडी काढली आणि माझ्याकडे फेकली. खांदा उसवला होता आणि तो सुतळीनं शिवला होता.

उस्तादांनी ती माझ्या हातातून घेतली, खांद्यावर बोट फिरवलं आणि दचकून काढून घेतलं. "हे कोणी शिवलं? बैलानं?"

"म्या," वडील म्हणाले. "घाईत होतो."

मी गाठीवर बसलो. सुतळी काढली, बंडीच्याच कडेचं एक सूत ओढलं आणि खांदा दुमडायला घेतला. वडील उघड्या अंगानं माझ्या समोर उकिडवे बसले आणि माझ्या हाताकडे पाहू लागले. सात वर्षांत त्यांनी तो हात पहिल्यांदाच काम करताना पाहिला. थोड्या वेळानं दोन हमालही येऊन बसले. स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. मी उठायला लागलो.

"बस," वडील म्हणाले. "गाडी दुसरी येईन. पह्यले खांदा पुरा कर."

दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी होती. आम्ही थांबलो.